नाव नसलेल्या प्राण्यांच्या मुलखात

सोमवार, सॅन दिएगो

जहाजाने धक्का सोडला तेव्हा हात हलवायला आमच्यातलं कुणीच डेकवर नव्हतं. सगळे खालच्या प्रयोगशाळेत दोऱ्या आणि रबरी पट्टे घेऊन दिसेल ते बांधत सुटले होते. सूक्ष्मदर्शक टेबलांना स्क्रूने आवळले, बाटल्यांचे खोके एकमेकांना जखडले, खुर्च्यासुद्धा बांधल्या. बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, येऊन एकेक गाठ ओढून बघत होता. काही गाठी त्याने अवाक्षर न बोलता सोडल्या आणि पुन्हा मारल्या.

निघालोय क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्याकडे. हवाई बेटं आणि मेक्सिको यांच्या मधला प्रशांत महासागराचा हा भाग, साधारण ६० लाख चौरस किलोमीटरचा, चार ते साडेपाच हजार मीटर खोल. तळावर मुठीत मावतील असे काळे गोळे विखुरलेले असतात, मँगनीज, निकेल, कोबाल्ट आणि तांबं पोटात घेऊन. त्यांना नोड्यूल म्हणतात. दहा लाख वर्षांत ते जेमतेम काही मिलिमीटर वाढतात, आणि सध्या अनेकांचा डोळा त्यांच्यावर आहे. आमचा डोळा त्यांच्या आजूबाजूच्या चिखलावर.

माझं काम अ‍ॅम्फिपॉडचं. किनाऱ्यावर वाहून आलेलं शेवाळ उचललं की खालून टणाटण उड्या मारत जे बारके जीव पळतात, ते अ‍ॅम्फिपॉड. खेकडे-कोळंबीच्या कवचधारी गोतावळ्यातलेच, पण कोळंबीसारखं डोकं-छाती झाकणारं एकसंध कवच यांना नसतं. अंग दोन्ही कुशींकडून चपटं, त्यामुळे काचेवर ठेवले की कुशीवरच पडतात. १८१६ मध्ये लात्रेय या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने या गटाला नाव दिलं आणि आजवर दहा हजारांहून जास्त प्रजातींची वर्णनं झाली आहेत. उथळ किनाऱ्यापासून मारियाना गर्तेच्या तळापर्यंत ते सगळीकडे सापडतात. समुद्राच्या तळाशी काही मेलेलं पडलं की पहिल्यांदा हजर होणाऱ्यांत हेच असतात.

बुधवार, वाटेत

लाटा आडव्या येताहेत, पोट ठिकाणावर नाही. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, समुद्रप्रवासाच्या वर्णनांत ते पुरेसं येऊन गेलंय.

दिवसभर लेबलं कापली. हे काम बघायला भिकार, पण सगळा डोलारा त्याच्यावर उभा. कागद चिवट, चिंध्यांपासून बनवलेला. लिहायचं पेन्सिलीने, कारण प्रिंटरची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि वर्षभराने बाटलीत नुसता कोरा कागद तरंगताना दिसतो. लेबल बाटलीच्या आत टाकायचं. बाहेर चिकटवलेलं कधी ना कधी सुटतंच. त्यावर स्टेशनचा, म्हणजे नमुने घ्यायच्या ठिकाणाचा, क्रमांक, अक्षांश-रेखांश, खोली, तारीख, उपकरण. प्राण्याचं नाव लिहायची जागा नाही. ते नंतर.

संध्याकाळी मुख्य शास्त्रज्ञ बाईंनी सगळ्यांना गोळा करून आकडे दाखवले. २०२३ मध्ये 'करंट बायॉलॉजी' या शोधपत्रिकेत आलेल्या पाहणीनुसार या पट्ट्यातून आतापर्यंत अंदाजे ५,५७८ प्रजाती नोंदल्या गेल्यात. त्यातल्या रीतसर नाव असलेल्या किती? ४३६. बाकीच्या पाच हजारांवर प्रजातींना शास्त्राच्या दप्तरात नावच नाही.

"मग त्या मोजल्या कशा?" शेजारी बसलेल्या पीएचडीच्या मुलाने विचारलं. त्याची ही पहिलीच मोहीम. एरवी तो कीटकांच्या डीएनएवर काम करतो.

तात्पुरत्या नावांनी. 'एसपी. १', 'एसपी. २', 'एसपी. ३'. एसपी. म्हणजे स्पीशीज, प्रजाती. प्रत्येक प्रयोगशाळा आपापली यादी करते. गोची अशी की एका प्रयोगशाळेतला 'एसपी. ३' हा दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या 'एसपी. ११'चा सख्खा भाऊ असू शकतो, किंवा त्याचा काडीचाही संबंध नसू शकतो. दोन बाटल्या शेजारी ठेवून कुणी बघितल्याशिवाय कळायला मार्ग नाही. आणि तोवर हा प्राणी फक्त याच तुकड्यात राहतो की हजार किलोमीटर पलीकडेही आहे, या साध्या प्रश्नाला उत्तर नसतं. खाणीला परवानगी देताना नेमका तोच प्रश्न विचारायचा असतो.

बाईंनी सांगितलं ते एवढंच. बोटीवर कुणी घोषणा देत नाही.

शनिवार, स्टेशनवर

पहाटे इंजिनाचा आवाज बदलला आणि सगळे जागे झाले. खाली ४,३०० मीटर पाणी. तळाशी दाब वातावरणाच्या सव्वाचारशे पटींहून जास्त, तापमान दीड अंशाच्या आसपास. वर मात्र घामाच्या धारा.

पहिला मान सापळ्याचा. लँडर म्हणजे धातूचा सांगाडा, वर काचेचे पोकळ तरंगगोळे, खाली लोखंडी वजनं, मध्ये सापळ्याच्या नळ्या. नळ्यांत आमिष म्हणून जाळीत गुंडाळलेले बांगडे. क्रेनने उचलून पाण्यात सोडला आणि बघता बघता निळ्यात नाहीसा झाला. आता तो दीड दिवस तळाशी बसेल. त्याला जहाजाशी जोडणारी दोरी नसते. वर बोलवायचा झाला की ध्वनीचा संकेत पाठवायचा, तो वजनं सोडून देतो आणि तरंगगोळ्यांच्या बळावर वर येतो. यायचा असेल तर.

मग बॉक्स कोअरर. अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद अशी पोलादी पेटी विंचच्या तारेला लावून तळाच्या चिखलात रोवायची, फावड्यासारखी पात खालून फिरून पेटी बंद करते, आणि ती तशीच वर आणायची. विंच मिनिटाला साठेक मीटर तार सोडते. हिशेब करा: जायला सव्वा तास, यायला सव्वा तास, आणि हाताशी पाव चौरस मीटर समुद्रतळ.

पेटी डेकवर आली तेव्हा कुणी मोठ्याने बोलेना. वर साचलेलं थंडगार पाणी आधी नळीने काढून गाळून घेतलं, कारण पोहणारे बारके जीव त्यातच असतात. पाणी उतरलं तसा तळ दिसला: तपकिरी, लोण्यासारखा मऊ चिखल आणि त्यात अर्धे रुतलेले काळे नोड्यूल. एकावर स्पंजाचा ठिपका, दुसऱ्यावर बारीक नळी. या चिखलाचा थर हजार वर्षांत काही मिलिमीटर चढतो. म्हणजे मी बोट बुडवलं तेवढ्यात माणसाचा सगळा लिखित इतिहास मावला असता. बोट अर्थातच बुडवलं नाही. बोसन नव्हे, पण मुख्य शास्त्रज्ञ बाई बघत होत्या.

थर कापून शीतखोलीत नेले आणि ०.३ मिलिमीटरच्या चाळणीवर थंड, गाळलेल्या समुद्राच्या पाण्याने हलक्या हाताने धुतले. इथे घाई केली की प्राण्यांचे पाय चाळणीवरच तुटतात. जर्किन घालून, बोटं बधिर होईपर्यंत चिखल धुवायचा, आणि शेवटी चाळणीवर उरतं ते चमचाभर. त्यात रेडिओलॅरिया या एकपेशीय जीवांचे सांगाडे, किड्यांच्या नळ्या, माशांचे सूक्ष्म दात.

आणि एक अ‍ॅम्फिपॉड. लांबी तीन मिलिमीटर, पांढुरका, आंधळा. डोकं पुढे ओढून टोकदार केल्यासारखं, पाय रुंद आणि काटेरी. फॉक्सोसेफॅलिडी कुळातला असणार, हे लोक चिखल उकरत राहतात. लेबल टाकलं, ९६ टक्के अल्कोहोल ओतलं, फ्रीझरमध्ये उणे वीसवर ठेवला. एवढ्याशा बाटलीत अगदीच हरवल्यासारखा दिसत होता.

सोमवार पहाट

सापळा आला. संकेत पाठवल्यावर तासाभराहून जास्त वेळ सगळे कठड्यावर दुर्बिणी घेऊन उभे. शेवटी ज्याच्याकडे दुर्बीण नव्हती अशा खलाशालाच तो पहिल्यांदा दिसला.

नळ्या उघडल्या. बांगड्यांचे काटे आणि डोक्याची हाडं उरली होती, बाकी साफ. आणि नळ्यांत नुसती वळवळ. गर्दी मुख्यतः पॅरालिसेलाची: दोन सेंटिमीटरच्या आतबाहेरचे, पोट फुगून अंगाच्या कड्या एकमेकींपासून दूर सरलेल्या. हे प्राणी महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतात आणि मिळालं की इतकं खातात की अंग ताणून पारदर्शक होतं. पोटातला बांगडा बाहेरून दिसत होता.

त्यांच्यात तीन मोठे, लालभडक. युरिथेनिस. बोटाएवढे, कवच चकचकीत, खालच्या अंगाला पाय आवरून घेतलेले. एक अजून जिवंत होता आणि बर्फाच्या ट्रेमध्ये शेपटीचे झटके देत होता. शरीरात हवेची पोकळी नसल्यामुळे ते वर येताना फुटत नाहीत, पण वरचं कोमट पाणी सोसत नाही. म्हणून वेळ मोजूनच काम: आधी फोटो, मग अल्कोहोल. रंग अल्कोहोलमध्ये टिकत नाही. आठवड्याभरात हा लाल प्राणी पांढुरका होईल आणि पुढच्या अभ्यासकाला तो मुळात लाल होता हे फक्त आजच्या फोटोवरून कळेल. फोटोत बाजूला रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवली. विद्यार्थी विचारत होता की रंगपट्टी कशाला, कॅमेरा चांगला आहे की. कॅमेरा चांगला आहे, दिवा पिवळा आहे.

युरिथेनिसची कथा मी त्याला तिथेच सांगितली, कारण आमच्या धंद्याचं सगळं दुखणं तीत आहे. १८२२ मध्ये युरिथेनिस ग्रायलस या नावाच्या प्राण्याचं वर्णन झालं. पुढे जगभरच्या खोल समुद्रांत जिथे सापळा टाकावा तिथे असाच लाल, मोठा अ‍ॅम्फिपॉड मिळायचा आणि लोक लिहायचे: यु. ग्रायलस. ध्रुवापासून ध्रुवापर्यंत एकच प्रजाती, खोल समुद्र सगळीकडे सारखाच, असं पक्कं बसलं. २०१३ मध्ये डीएनए आणि शरीररचना शेजारी ठेवून बघितलं तर त्या एका नावाखाली प्रजातींच्या पातळीचे किमान नऊ वेगळे गट निघाले. मग एकेकाला वेगळं काढून वर्णन करायचं काम सुरू झालं. २०२० मध्ये मारियाना गर्तेतल्या एकाचं नाव पडलं युरिथेनिस प्लास्टिकस, कारण त्याच्या पोटात प्लास्टिकच्या बाटल्यांच्या पदार्थाचा, पीईटीचा, तंतू सापडला. सहा हजार मीटरच्या खाली. पुढच्याच वर्षी अटाकामा गर्तेतल्याचं नाव युरिथेनिस अटाकामेन्सिस.

"म्हणजे हे तीन?" त्याने ट्रेकडे बोट दाखवलं.

लेबलवर मी 'युरिथेनिस' एवढंच लिहिलं.

बुधवार, रात्रपाळी

तळावरून ओढायची स्लेज आज चालवली. बॉक्स कोअररमध्ये चार-दोन प्राणी मिळतात, स्लेजच्या जाळीत शेकडो, कारण ती बराच मोठा पट्टा घासत जाते. किंमतही तशीच मोजावी लागते. जाळी वर आली तेव्हा ट्रेमध्ये अ‍ॅम्फिपॉड कमी आणि त्यांचे सुटे अवयव जास्त. लांब नाजूक पाय, स्पर्शिका, एखादं सुटं डोकं. ज्या जीवांनी आयुष्यात पाण्याचा झोतही पाहिलेला नसतो त्यांना दोन तास चिखलासकट ढवळत आणलं की दुसरं काय होणार?

जुन्या वर्णनांत 'पाचवा ते सातवा पाय अज्ञात' असं वाक्य वारंवार भेटतं. त्यामागे असल्याच रात्री असतात.

तरीही त्यातून एक मादी मिळाली जी बघून मी पॉलिकीट किड्यांवर काम करणाऱ्या गृहस्थांना झोपेतून उठवणार होते. पायांच्या तळाशी असलेल्या पातळ पाकळ्या एकमेकींवर येऊन छातीखाली पिशवी झालेली, आणि पिशवीत पाच अंडी. अ‍ॅम्फिपॉडना पाण्यात तरंगत दूर जाणारी अळी अवस्था नसते. पिल्लं आईच्या पिशवीतून थेट छोटे अ‍ॅम्फिपॉड म्हणून बाहेर पडतात, जिथे आई तिथेच. मेलेल्या माशामागे किलोमीटर-किलोमीटर पोहणारे युरिथेनिस वेगळे. पण चिखलात राहणारे हे तीन मिलिमीटरवाले पिढ्यान्‌पिढ्या जागचे हलत नसावेत असं मानायला जागा आहे. १९७९ मध्ये याच पट्ट्यात नोड्यूल काढायच्या यंत्राची चाचणी झाली होती. चाळीसहून जास्त वर्षांनी तिथे पुन्हा गेलेल्यांना यंत्राचे माग तळावर तसेच दिसले. काही जीव परत आले होते, सगळे नव्हेत. 'सगळे' कोण, ते कळायलाही आधी नावं लागतात.

त्यांना उठवलं नाही. ते किड्यांचे, त्यांना अंड्यांचं कौतुक नसतं.

पुढचे दिवस

तेच. कोअरर, चाळण, सापळा, स्लेज, फोटो, लेबल. एकदा वादळाने सगळं थांबलं. एकदा कोअरर रिकामा आला. फ्रीझर भरत गेला.

शुक्रवार, परतीची वाट

काम संपलं, जहाज उत्तरेला वळलं आणि सगळे झोपायला गेले. माझ्या लेखी प्रवास इथून सुरू झाला. बंदर येईपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं आणि फ्रीझर माझ्या ताब्यात होता.

चिखल उकरणाऱ्या त्या फॉक्सोसेफॅलिडचे भाऊबंद पुढच्या कोअररमधून आणि स्लेजमधून आणखी आले होते. त्यात एक धडधाकट मादी, सगळे पाय जागेवर. ती बाजूला ठेवली. हा होणार होलोटाइप, म्हणजे ज्या एका नमुन्याशी नाव कायमचं बांधलं जातं तो. पुढे दोनशे वर्षांनी कुणाला शंका आली तर त्याने संग्रहालयात जाऊन हीच मादी बघायची. म्हणून तिला शक्य तेवढी अखंड ठेवायची. कापाकापी दुसरीवर, जिला पॅराटाइप म्हणतील.

आणि या दुसरीचीही एकच बाजू सोडवायची. अ‍ॅम्फिपॉडचं अंग दोन्हीकडे सारखं असतं, तेव्हा डाव्या बाजूचे पाय काढून काचेवर मांडायचे आणि उजव्या बाजूचे जागेवर ठेवायचे, ही जुनी शहाणी रीत आहे.

काम असं चालतं. काचेच्या खळग्यात ग्लिसरीनचा थेंब, त्यात प्राणी. एका हातात सूक्ष्म चिमटा, दुसऱ्या हातात टंगस्टनची तार घासून केलेली सुई. आधी स्पर्शिका. मग ग्नॅथोपॉड म्हणजे पकडायच्या पायांच्या दोन जोड्या. मग चालायचे-उकरायचे पाच. मग पोटाखालचे पोहायचे, मग शेपटीकडचे तीन, मग टेलसनची शेवटची पाकळी. सर्वात शेवटी आणि सर्वात अवघड, तोंड. साऱ्या डोक्याची लांबी अर्ध्या मिलिमीटरची, त्यातून वरचा ओठ, खालचा ओठ, दोन मँडिबल म्हणजे जबडे, मॅक्सिलांच्या दोन जोड्या आणि मॅक्सिलिपेड हे सगळं एकमेकांपासून सोडवायचं. जहाज डावीकडे कललं की सुई उजवीकडे. लाटेची लय धरून दोन हेलकाव्यांच्या मध्ये हात चालवायचा. मँडिबलवर दळायचा दाताळ भाग आहे की नुसता काटेरी उंचवटा, पॅल्पची, म्हणजे जबड्यावरच्या बारक्या उपांगाची, शेवटची कांडी तिरकी कापल्यासारखी की गोल, यावर जीनस, म्हणजे प्रजातीच्या वरचा गट, ठरतो. तेवढ्यासाठी हे सगळं.

विद्यार्थी शेजारी येऊन बसला. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मॅडम, एक पाय द्या मला. मी किनाऱ्यावर पोचलो की सीओआय जनुकाचा बारकोड काढतो. डीएनएची ६५८ अक्षरं. दुसऱ्या कुठल्याही प्रजातीशी जुळला नाही की नवी. चित्रं काढण्यात महिने कशाला घालवायचे?"

पाय दिला. डीएनए हवाच, युरिथेनिसने ते शिकवलंय. पण बारकोड जुळवायचा कशाशी? या कुळातल्या किती तरी प्रजातींची वर्णनं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची. त्यांचे मूळ नमुने जुन्या बाटल्यांत, काही फॉर्मलिनमधून गेलेले. त्यांतून धड डीएनए निघणं मुश्किल. त्यांच्याशी तुलना करायची तर एकच भाषा उरते, काट्यांची आणि केसांची. शिवाय ज्याच्याकडे जनुकवाचनाची सोय नाही पण सूक्ष्मदर्शक आहे, त्यालाही हा प्राणी ओळखता आला पाहिजे.

मी लॅपटॉपवर स्टेबिंगचं पुस्तक उघडून त्याला दाखवलं. चॅलेंजर जहाजाने १८७३ ते १८७६ या काळात गोळा केलेल्या अ‍ॅम्फिपॉडवरचा अहवाल, १८८८ सालचा, सतराशेहून जास्त पानं आणि २१० चित्रफलक. टॉमस स्टेबिंग हा इंग्लंडातला धर्मोपदेशक. डार्विनची बाजू घेतली म्हणून त्याला प्रवचन करायला बंदी झाली, आणि त्याने उरलेलं आयुष्य कवचधाऱ्यांना वाहिलं. चर्चचं काय नुकसान झालं ठाऊक नाही, आमचा फायदा झाला. त्या फलकांवर प्रत्येक काटा मोजता येतो. आज दुपारी मी प्रशांत महासागरात बसून त्या चित्रातल्या सातव्या पायाशी माझ्या काचेवरचा सातवा पाय ताडून पाहिला.

मुलगा चित्र मोठं करत राहिला. "हे त्याने हाताने काढलंय?"

रविवार

सातव्या पायाच्याच मागे लागलेय. या कुळात त्याची पहिली मोठी कांडी मागच्या बाजूला पंख्यासारखी रुंद होते आणि तिच्या काठावर करवतीसारखे दात असतात. माझ्या मादीला सात, खालचे दोन सर्वात मोठे. जवळच्या ज्ञात प्रजातींत ही मांडणी नाही. तिसऱ्या पोटखंडाच्या खालच्या कोपऱ्यातला दातही लांब आणि वर वळलेला.

फार हुरळून जाण्यासारखं नाही. दातांची संख्या वयाबरोबर वाढू शकते. नर आणि मादी इतके वेगळे दिसू शकतात की जुन्या काळी एकाच प्रजातीच्या नरमादीला दोन नावं दिल्याची उदाहरणं आहेत. म्हणून सगळ्या आकारांचे नमुने ओळीने मांडले: दीड मिलिमीटरचं पिल्लू, अर्धवट वाढलेले, प्रौढ माद्या, आणि एकमेव नर, ज्याच्या स्पर्शिका अर्थातच तुटलेल्या. पिल्लाला चार दात, मधल्यांना पाच-सहा, प्रौढांना सात. पण खालचे दोन मोठे, ही गोष्ट पिल्लापासून कायम. इथे मला पहिल्यांदा वाटलं की हा वेगळाच आहे.

बातमीत येतं, 'शास्त्रज्ञांना नवी प्रजाती सापडली', आणि सोबत जहाजाचा फोटो. मला त्या वाक्याचा राग येतो. जहाजावर चिखल सापडतो. प्रजाती सापडते ती असल्या एखाद्या रविवारी, करवतीचे दात मोजताना, तेही आधीच्या सगळ्यांनी काय मोजून ठेवलंय ते वाचलेलं असेल तर.

सोमवार

जेवणाच्या टेबलावर नावांचा फड रंगला. ज्यांना अ‍ॅम्फिपॉडची शेपूट कुठली आणि डोकं कुठलं हे कळत नाही त्यांच्याकडेही सूचना होत्या. कॅप्टनच्या बायकोचं नाव. जहाजाचं नाव. याला जुना आधार आहे: मोनॅकोच्या राजपुत्राच्या 'प्रिन्सेस अलीस' या जहाजाने खोल पाण्यातून एक अवाढव्य अ‍ॅम्फिपॉड आणला, आणि १८९९ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ शेव्रने त्याचं नाव ठेवलं अलिसेला जायगँटिया. ३४ सेंटिमीटरपर्यंत वाढणारा हा ज्ञात अ‍ॅम्फिपॉडांतला सर्वात मोठा. २०२४ मध्ये अटाकामा गर्तेतून ७,९०२ मीटरवरून आणलेल्या शिकारी अ‍ॅम्फिपॉडचं नाव डल्सिबेला कामांचाका, नवा जीनस आणि नवी प्रजाती एकदमच.

बोसन म्हणाला, "माझं नाव ठेवा, मी तुमच्या गाठी मारल्या." हा सर्वात सबळ दावा होता. मी तो लिहून ठेवलाय.

नियम फार जाचक नाहीत. नाव लॅटिनसारखं चाललं पाहिजे आणि विशेषण असेल तर जीनसच्या लिंगाशी जुळलं पाहिजे. आधी कुणी वापरलेलं नसावं. स्वतःचं नाव ठेवायला नियमात बंदी नाही, पण ठेवणाऱ्याला उरलेलं आयुष्य ऐकून घ्यावं लागेल. वर्णन, जवळच्या प्रजातींपासूनचे फरक, होलोटाइप कुठल्या संग्रहालयात ठेवला त्याचा क्रमांक, हे सगळं छापून यावं लागतं. फक्त ऑनलाइन छापणार असाल तर २०१२ पासून झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीत, आधी नोंदणी. त्याआधी चित्रं: पेन्सिलीने कच्ची, मग टॅब्लेटवर रेघ न् रेघ पक्की, प्रत्येक पाय वेगळा, प्रत्येक केस मोजून.

पॉलिकीटवाल्या गृहस्थांनी एक आकडा टाकला आणि टेबल गप्प झालं. २०१२ मधल्या एका अभ्यासात असं आढळलं की नमुना गोळा केल्यापासून प्रजातीचं वर्णन छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात.

बोसनने हिशेब केला. तो तोवर निवृत्त झालेला असेल.

बुधवार, पुन्हा सॅन दिएगो

धक्का लागला. गाठी सोडायला बांधण्याच्या दुप्पट वेळ लागला, आणि एक तर शेवटी कापावी लागली.

नमुने संग्रहालयाकडे रवाना करायचे म्हणजे कागदांचा वेगळाच महासागर. अल्कोहोल ज्वलनशील, म्हणून विमानाने पाठवताना ते मोजूनमापून भरायचं, प्रत्येक कुपीभोवती शोषून घेणारा कापूस, दुहेरी पिशवी, बाहेर शिक्के. विद्यार्थी कुप्या भरत होता आणि मी यादी तपासत होते. प्रत्येक कुपीतलं पेन्सिलीचं लेबल काचेतून वाचता येतंय की नाही ते मुद्दाम बघितलं. येत होतं.

मालवाहतुकीचा एजंट फॉर्म घेऊन आला. शास्त्रीय नाव या रकान्यात मी सगळीकडे 'अ‍ॅम्फिपोडा' लिहिलं होतं, फॉक्सोसेफॅलिडच्या ओळीत तेवढं कुळाचं नाव.

"इथे प्रजाती लागते," तो म्हणाला. "अपुरं असलं तर कस्टम्सवाले परत पाठवतात."

"नाव नाहीये अजून."

"मग टाका ना एखादं."

मी विचारलं, किती वेळ आहे. त्याने घड्याळात बघितलं आणि म्हणाला, चारपर्यंत चालेल.